वाचलं नसेल तर हात नाही

वाईट पुस्तकाचा प्रेमला खानझोडेला राग यायचा नाही, कीव यायची. न वाचता पुस्तकावर बोलणाऱ्या माणसाची मात्र कीवही यायची नाही. भाजीवालीने ताजी म्हणून पुढे केलेल्या शिळ्या मेथीकडे पाहावं, तसं ती अशा माणसाकडे पाहायची. बोलायची काही नाही. जुडी उलटी करून देठं दाखवायची आणि पुढे जायची.

अमरावतीला बी. ए. होऊन, लग्न करून ती भिलाईला आली ती सेक्टरमधल्या एका क्वार्टरमध्ये. नवरा शामसुंदर पोलाद कारखान्यात, रेल मिलच्या ऑफिसात. सकाळी भोंगा झाला की तो सायकल काढायचा. मग मागे उरायची ती, वाळत घातलेल्या कपड्यांवरची तांबडी धूळ आणि दिवसभराचा वेळ. त्या वेळाचं काय करायचं हा प्रश्न सेक्टरमधल्या बायका स्वेटर विणून नाहीतर एकमेकींना उसवून सोडवायच्या. प्रेमलाने तो विदर्भ स्नेह मंडळाच्या वाचनालयात सोडवला.

वाचनालय म्हणजे मंडळाच्या हॉलमधली दोन लोखंडी कपाटं, किल्ल्या प्रेमलाकडे. प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसातून रद्दीत निघालेले निळे नकाशे मंडळाला फुकट मिळायचे, आणि पुस्तकांना कव्हरं त्यांचीच. त्यामुळे कपाट उघडलं की सगळी पुस्तकं सारखीच निळी. संतचरित्रावर कोक ओव्हनची पाइपलाइन आणि प्रेमकथेवर भट्टीचा छेद. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळायचं नाही, आणि उघडायची सवय मंडळात फार थोड्यांना होती.

नवी पुस्तकं नागपूरहून फिरत्या पेटीतून यायची आणि आल्याआल्या त्यांनाही निळं कव्हर चढायचं. त्यांची एक रीत होती. प्रत्येक पुस्तक आधी कोणीतरी वाचायचं, महिन्याच्या एका शनिवारी दुपारी उभं राहून त्याचा परिचय करून द्यायचा आणि मग हात वर व्हायचे. ‘ठेवा’ला तीन हात पडले की मंडळ ते विकत घ्यायचं, ‘परत’ला जास्त पडले की ते पेटीत. भिंतीवर पाटी रंगवलेली होती: ‘ज्याने पुस्तक वाचले नाही त्यास हात नाही.’ हा नियम अध्यक्ष कृष्णराव ठवकरांनीच केलेला. खाली त्यांचं नावही होतं, नियमापेक्षा मोठ्या अक्षरात.

नियम कोणी पाळत नसे. सगळ्यात कमी पाळायचे ते कृष्णराव. प्लांटमध्ये मोठे अधिकारी, आवाज भरदार, धोतर पांढरं. दर गणपतीला निघणाऱ्या स्मरणिकेत ते ‘ग्रंथगौरव’ लिहायचे. त्यांची पद्धत प्रेमलाला पाठ होती. पहिली दहा पानं, शेवटची पाच, मध्ये ‘ओघवती भाषा’ आणि शेवटी ‘प्रत्येक घरात असावा असा ग्रंथ’. एका वर्षी लोणच्यांच्या पुस्तकालाही त्यांनी ओघवतं म्हटलं होतं.

त्या वर्षी पेटीत वरच ‘जोडवात’ नावाची कादंबरी होती. ती कृष्णरावांनी घरी नेली. पहिल्या दहा पानांत दोन बालविधवा सख्या तुळशीपुढे एका निरांजनात दोन वाती लावतात. शेवटच्या पाच पानांत एकीचा अंत होतो आणि दुसरी एका सज्जन विधुराशी लग्न करते. कृष्णरावांनी लेखणी उचलली. ‘स्त्री-स्त्रीमधील निर्मळ भगिनीप्रेमाचा हा वस्तुपाठ प्रत्येक उपवर कन्येच्या हाती द्यावा,’ असं त्यांनी लिहिलं, आणि स्मरणिका घरोघर गेली. मंडपात माइकवरूनही त्यांनी तेच सांगितलं. आरतीनंतर, प्रसादाआधी, म्हणजे कोणी उठून जाऊ शकत नव्हतं तेव्हा.

नवऱ्याने एवढं वाखाणलेलं पुस्तक म्हणून रुक्माबाई ठवकरांनी ते दुपारी हातात घेतलं. त्यांनी मधली पानं वाचली. मधल्या पानांत त्या दोघी भगिनी नव्हत्या.

त्यानंतर ‘जोडवात’ ज्या वेगाने सेक्टरमध्ये फिरली त्या वेगाने मंडळाचं एकही पुस्तक फिरलं नव्हतं. ती मुरमुऱ्यांच्या पिशवीतून गेली, स्वेटरच्या लोकरीखालून गेली, खणाच्या घडीत गेली. नेणारी म्हणायची, “मी नाही वाचलं बाई, नुसतं चाळलं.” घेणारी म्हणायची, “शी! दोन दिवसांत परत देते.” निळा नकाशा कोपऱ्यांवर पांढरा पडला. एका पानावर हळदीचं बोट उमटलं. ते पान कोणतं हे सांगायला नको.

फक्त एका घरी ते पुस्तक कोणी नेलं नाही. प्रेमलाच्या समोरच्या क्वार्टरमध्ये.

तिथे गिरजाबाई आणि कलावती राहायच्या. गिरजाबाई दवाखान्यात नर्स, म्हणून सगळ्या तिला सिस्टर म्हणायच्या. कलावती प्राथमिक शाळेत मास्तरीण. एक भंडाऱ्याची, एक वर्ध्याकडची. दोघी चुलत बहिणी आहेत असं मंडळाने ठरवून टाकलं होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं. अंगणात एकच दोरी, एकच तुळस, दोन खुर्च्या. सिस्टरची नाइट ड्युटी असली की कलावती सकाळी फाटकाशी उभी असायची आणि सिस्टर सायकलवरून उतरायच्या आधीच विचारायची, “चहा की आधी आंघोळ?” प्रेमला हे वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत आली होती. तिच्या दृष्टीने त्यात कळण्यासारखं जे होतं ते केव्हाच कळलं होतं आणि बोलण्यासारखं काही नव्हतं.

गणपतीच्या महाप्रसादाचं पुरण या दोघींच्या हातचं. आदल्या दुपारी मंडळाचा मोठा पितळी गंज त्यांच्या अंगणात यायचा, डाळ शिजायची, आणि सगळा सेक्टर दुसऱ्या दिवशी बोटं चाटत म्हणायचा की पुरण खावं तर सिस्टरच्या घरचं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी कृष्णराव प्रेमलाकडे आले. शामसुंदर नुकताच कामावरून आला होता. त्याने घाईने बनियनवर शर्ट चढवला.

“वहिनी, ‘जोडवाती’चा परिचय या वेळी तुमी करा,” कृष्णराव बशीत चहा ओतत म्हणाले.

“तुम्ही केला नं भाऊ आधीच. छापून आला,” प्रेमला म्हणाली.

“तो पूर्वार्धाचा होता.”

“असं त्यात लिहिलं नव्हतं.”

कृष्णरावांनी चहाचा घोट जरा जास्त वेळ तोंडात ठेवला. “लेखकानं फसवलं. सोज्वळ तोंडवळा दाखवून आत घाण भरली. हेच तुमी ठणकावून सांगा. असल्या बायका म्हणजे समाजाले कीड, असं एक वाक्य पाह्यजे. अध्यक्षाले जे निर्मळ दिसलं ते निर्मळच होतं, पुढचं लेखकाचं पाप, असं.”

“आणि पुस्तक?”

“परत. बाईमाणसाच्या तोंडून निषेध झाला की वजन येते.” मग त्यांनी समोरच्या क्वार्टरकडे हनुवटी केली. “एक गोष्ट आणखी. लोकं आता त्या दोघींबद्दल बोलून राहिले. पुस्तकानं डोळे उघडले म्हणा. यंदा झालं ते झालं. पुढच्या गणपतीत पुरण दुर्गच्या हलवायाकडून आणू. देवाचं काम आहे. तुमचा निषेध झाला की आपोआप समजन त्याईले. आपल्याले तोंडानं सांगा लागणार नाही.”

प्रेमलाने त्यांच्याकडे मेथीच्या जुडीकडे पाहतात तसं पाहिलं. वीस-वीस पुरणपोळ्या खाल्लेला माणूस. पुस्तकाची पंधरा पानं वाचून आधी त्याची आरती केली, आता त्याच पंधरा पानांच्या जोरावर दोन जिवंत बायकांना पंगतीतून उठवायला निघाला, आणि तेही दुसऱ्या बाईच्या तोंडाने.

“वाचून सांगते,” ती म्हणाली.

“वाचायचं काय त्यात? मी सांगतलं नं.”

“मले वाचल्याबिगर बोलता येत नाही भाऊ. सवयच नाही.”

ते गेल्यावर शामसुंदर म्हणाला, “तू कावून त्याच्या भानगडीत पडून राहिली? सांग नं, तब्येत बरी नाही म्हणून.”

“मग दुसरी कोणी उभी राहीन आणि ते वाक्य म्हणून टाकीन.”

“हव, ते बी खरं.” त्याने शर्ट पुन्हा काढून खुंटीला लावला. “माणूस नालायक आहे. पण माया मिलमध्ये नाही, एवढं बरं आहे.”

प्रेमलाने ‘जोडवात’ वाचली. तिला असल्या पुस्तकांची ओळख नव्हती असं नाही. दुर्ग स्टेशनच्या बुकस्टॉलवरून तिने कसलीकसली पुस्तकं आणली होती. पिवळ्या मासिकांतल्या होस्टेलच्या गोष्टी, हिंदीत आलेली भाषांतरं. त्यांच्यावरही ती निळे नकाशे चढवायची. तिला एक नवल वाटायचं. पुस्तकात दोन बायका एकमेकींना जीव लावू लागल्या की लेखकाच्या हातापायाला कंप सुटायचा. मग विहीर यायची. विहीर नसली तर वेड. वेड नसलं तर डॉक्टर. तो एकीला बरं करायचा आणि लगेच तिच्याशी लग्न करायचा. चावट लेखक आणि सोज्वळ लेखक यांच्यात फरक एवढाच, की चावट लेखक विहिरीपर्यंत मजा करत जायचा आणि सोज्वळ लेखक रडत. पोचायचे दोघेही काठावरच.

‘जोडवात’ दुसऱ्या जातीची निघाली. हळदीच्या बोटाचं ते एक पान सोडलं तर दोघी नुसत्या चांदणं पाहतात. चांदणं नसलं तर पाऊस पाहतात. शेवटी एकीला ताप येतो आणि ती मरताना पाऊण पान बोलते. प्रेमलाने पुस्तक मिटलं. खिडकीतून तिला समोरची दोरी दिसत होती, कलावती सिस्टरचा पांढरा गणवेश झटकून वाळत घालत होती आणि आतून सिस्टरचा आवाज येत होता, “नीळ जास्त झाली का गं?” तीनशे पानांत लेखकाला नीळ सुचली नव्हती.

ती पुस्तक घेऊन समोर गेली. फाटकातून आत जाताना तिला प्रथमच अवघडल्यासारखं झालं. कृष्णरावांनी काय सांगितलं ते तिने दडवलं नाही. पुरणाचंही सांगितलं.

कलावतीचा चेहरा उतरला. ती उठून आत गेली आणि आपण कशासाठी गेलो हे न आठवून परत आली. “इतकी वर्षं डाळ वाटली आमी,” ती म्हणाली. “मुलं शाळेत मले ‘पुरणवाल्या बाई’ म्हणतात. उद्या त्याईच्या आया काय सांगतीन त्याईले?”

सिस्टरने पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं. “म्हणजे हेच का ते? साऱ्या सेक्टरमधून फिरलं न् आमच्या फाटकाशी त्याची सायकल पंक्चर झाली होय?”

“वाचा,” प्रेमला म्हणाली. “मग मले सांगा, मी काय बोलू.”

तीन-चार दिवसांनी सिस्टरने खिडकीखालूनच हाक मारली. “प्रेमलाबाई! कलावती रडून राहिली होती त्या तापापाशी. मले हसू आलं. इतकी वर्षं तापाचे पेशंट पाह्यले. एवढा ताप चढला म्हणजे माणूस पाणी मागते, भाषण नाही देत.”

“मग काय बोलू?”

सिस्टर फाटकाला टेकली. तिचा आवाज खाली आला. “आमच्यासाठी काही बोलू नका. आमची वकिली नको. पुस्तक कसं आहे ते बोला, तुमाले जसं वाटलं तसं. बाकी आमी येतो शनिवारी. दोघी. पहिल्या रांगेत.”

शनिवारी हॉल भरला. एरवी परिचयाला बाराजणी यायच्या आणि त्यातल्या चार चिवड्यासाठी. त्या दिवशी सतरंज्या कमी पडल्या. सगळ्यांचे चेहरे असे, की जणू पहिल्यांदाच त्या पुस्तकाचं नाव ऐकतायत. रुक्माबाई तर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, पुस्तकातून वास येत असल्यासारखा. कृष्णराव खुर्चीवर. पहिल्या रांगेत सिस्टर आणि कलावती. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी सतरंजी मोकळी राहिली होती. गर्दी असूनही.

प्रेमला उभी राहिली.

“हे पुस्तक मी पूर्ण वाचलं,” ती म्हणाली. “पुस्तक वाईट आहे.”

कृष्णरावांनी समाधानाने मान डोलावली.

“वाईट अशासाठी की लेखकाला ज्या दोन बायकांबद्दल लिहायचं होतं त्यांच्या घरात तो कधी गेलाच नाही. तीनशे पानांत भाजी कोणी आणली, रॉकेलच्या रांगेत कोण उभं राहिलं, काही पत्ता नाही. दोघी आपल्या चांदणं पाहून राहिल्या. ज्या घरातलं रॉकेल कधी संपत नाही त्या घरातलं प्रेम मला तरी खरं वाटत नाही.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

“लेखकाने त्यांना जीव लावायला लावला आणि मग स्वतःच घाबरला. आपल्याकडे पाहुणी जास्त दिवस राहिली की आपण सहज विचारतो नं, ‘तुमची गाडी किती वाजता?’ तसं यानं केलं. एकीला तापाच्या गाडीत बसवलं, दुसरीला विधुराच्या. हे पुस्तक घाण आहे असं काहींचं म्हणणं आहे. घाण असायलाही धाडस लागते, ते याच्यात नाही. हे भित्रं आहे. दोन बायका एका घरात म्हाताऱ्या झाल्या, एवढंच लिहायचं होतं. तेवढं त्याला झेपलं नाही. आणि ज्यांना त्यात निर्मळ भगिनीप्रेम दिसलं, त्यांचाही दोष नाही. एवढ्या कमी पानांत कोणाला काय दिसणार?”

ती खाली बसली. कीड हा शब्द आला नव्हता. कृष्णरावांना तो कुठे हरवला हे नीट कळायला थोडा वेळ लागला. पण ‘वाईट’ हा शब्द त्यांच्या हाती होता. ते उठले. “खानझोडे वहिनींनी निषेध केलाच आहे. पुस्तक वाईट. असल्या पुस्तकाले न् असल्या वृत्तीले मंडळात जागा नाही. मंडळाच्या प्रसादातबी नाही. तेव्हा ‘परत’साठी हात वर करा.”

हात वर होऊ लागले. बांगड्या वाजल्या. रुक्माबाईंचा हात सगळ्यांत आधी.

सिस्टर उभी राहिली. वॉर्डात उभी राहते तशी, पाय जुळवून. “अध्यक्षसाहेब, एक मिनिट. पाटीवर नियम आहे. तुमचाच आहे. वाचलं नसन तर हात नाही.” मग ती वळली. “तेव्हा ज्याईनं ज्याईनं हे पुस्तक वाचलं, त्याईनंच हात वर ठेवा. बाकीच्याईनं खाली घ्या.”



वर असलेले हात एकमेकांकडे पाहू लागले. हळूहळू एक हात पदर सावरायला खाली आला. एकाला अंबाडा आठवला. एकाला मांडीवरचं मूल, जे त्या दिवशी आणलंच नव्हतं. रुक्माबाईंनी हात कानामागे नेला आणि तिथे काहीतरी खाजवलं. मुरमुऱ्यांच्या पिशव्या, लोकरीचे गुंडे, खणाच्या घड्या, सगळ्या खाली. हळदीचं बोटही खाली.

“म्हणजे कोणीच वाचलं नाही,” सिस्टर म्हणाली. “बरं. अध्यक्षसाहेब, तुमी तर वाचलं. स्मरणिकेत छापलं आहे. तुमचा हात आहे.”

कृष्णरावांनी हात जरासा उचलला. हात पूर्ण वर केला तर मधली पानं वाचूनही उपवर कन्यांना शिफारस केली असं ठरत होतं. खाली ठेवला तर न वाचता छापलं असं. तो हात हवेत अर्ध्यावर राहिला, मग त्याने पाण्याचा पेला उचलला. पेल्यात पाणी नव्हतं. तरी ते प्याले.

“‘परत’ला कोणी नाही,” सिस्टर म्हणाली. “आता ‘ठेवा’.” तिने स्वतःचा हात वर केला.

कलावतीचा हात मांडीवर होता. तिची बोटं साडीच्या काठाशी चाळा करत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. मग तिनेही हात वर केला. वर्गात पोरांना शिकवते तसा, कोपर सरळ ठेवून.

दोन हात झाले. तीन लागत होते. कलावतीच्या त्या हाताकडे सगळा हॉल पाहत होता, आणि तिसरा हात आला नाही तर पुस्तकाबरोबर आणखी काय परत जाणार होतं हे लहान मुलालाही कळलं असतं.

प्रेमलाला ते पुस्तक मनापासून आवडलं नव्हतं. आयुष्यात तिने वाईट पुस्तकासाठी कधी हात वर केला नव्हता. त्या एका बाबतीत तिला स्वतःचा फार अभिमान होता. तिने मनातल्या मनात त्या लेखकाला एक सणसणीत शिवी दिली आणि हात वर केला.

“तीन,” सिस्टर म्हणाली.

पुस्तक कपाटात गेलं. कृष्णरावांनी चिवडा घेतला नाही, एवढाच त्यांचा निषेध.

पुढच्या गणपतीला हलवायाचं नाव निघालं नाही. कोणी काढायचं? काढणाऱ्याला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायला पुस्तक वाचलेलं असावं लागलं असतं. आदल्या दुपारी मंडळाचा गंज समोरच्या अंगणात आला. आणून देणाऱ्या पोरांच्या मागे रुक्माबाई होत्या. “सिस्टर, यंदा जायफळ जरा जास्त घाला,” असं म्हणाल्या आणि पुरण होईपर्यंत थांबून, तिथेच खुर्चीवर बसून त्यांनी गरम पुरणाची वाटी संपवली. दोन खुर्च्यांपैकी एकीवर. जाताना प्रेमलाच्या फाटकाशी थांबल्या. “ते ‘जोडवात’ आहे का हो कपाटात? माया नणंदेले पाह्यजे होतं.”

रुक्माबाईंना नणंद नव्हती. प्रेमलाने पुस्तक दिलं.

अशा बऱ्याच नणंदा, जावा आणि माहेरच्या मैत्रिणी वाचून झाल्यावर ‘जोडवात’ची शिवण उसवली. वाचनालयाची पुस्तकं शिवायचं काम प्रेमलाचंच. एका दुपारी ती दाभण आणि दोरा घेऊन समोरच्या अंगणात बसली होती. कलावती मुलांच्या वह्या तपासत होती. शेवटचं प्रकरण सुटून वेगळं झालं होतं.

सिस्टर ड्युटीवरून आली. तिने सायकल टेकवली आणि प्रेमलाच्या हातातली सुटी पानं पाहिली. “हे तापाचं आहे नं? याले कावून शिवून राहिल्या? निघालं तर निघू द्या. बंबात घाला. कलावतीचं रडणं तरी वाचन.”

“मी पानं फाडत नाही,” प्रेमला म्हणाली आणि दाभण आरपार घातला. दोरा तिने दुहेरी घेतला होता. “आणि हे तर मुळीच काढायचं नाही. लेखक किती अकलेचा होता हे पुढच्यांना कळायला नको?”

कलावतीने वहीवरून मान वर केली. “चहा की आधी आंघोळ?” तिने सिस्टरला विचारलं.